मिसळीनंतरची गोळी

रविवारी सकाळी दहाच्या सुमारास पुण्यातल्या कुठल्याही मिसळीच्या दुकानात डोकवावं. दुसऱ्यांदा मागवलेली तर्री संपली की एखादे सत्तरीचे काका खिशातून पिवळसर गोळ्यांची पट्टी काढतात. एक स्वतः ताकाबरोबर गिळतात, दुसरी समोरच्या मित्राला देऊ करतात. मित्रही ती बडीशेपेच्या जागी घेतो. पट्टीवर उभी लाल रेघ असते. ‘डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये’ असा तिचा अर्थ. पण काकांच्या मते ती छपाईतली नक्षी आहे.

ही गोळी म्हणजे पॅन्टोप्रॅझोल किंवा तिची थोरली बहीण ओमेप्रॅझोल. पोटाच्या अस्तरात आम्ल तयार करणाऱ्या पेशी असतात आणि त्या पेशींमध्ये आम्ल बाहेर ढकलणारे सूक्ष्म पंप. गोळीवरचं आवरण पोटात टिकावं म्हणूनच दिलेलं असतं. ती विरघळते आतड्यात, मग रक्तातून वळसा घालून त्या पेशींपाशी येते आणि पंप चालू असेल तरच त्याला कुलूप घालते. पंप जागे होतात खाण्याने. रक्तातलं औषध मात्र तास-दीड तासात निम्म्यावर येतं. म्हणून सहसा नाश्त्याआधी अर्धा ते एक तास, पाण्याबरोबर, न चावता, न कुटता घ्यायची. पूर्ण परिणाम दिसायलाही दोन-चार दिवस लागतात. मिसळीनंतरची गोळी म्हणजे वरातीमागून घोडं. काकांना दहा मिनिटांत बरं वाटतं ते ताकामुळे. श्रेय गोळी घेऊन जाते.

गंमत अशी की काकांना ही गोळी खरोखरच लागते. फक्त मिसळीसाठी नव्हे.

त्यांच्या प्लास्टिकच्या डब्यात गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅक आहे आणि हृदयासाठी 75 मिलिग्रॅमची ॲस्पिरिन. पोटाच्या अस्तराची राखण प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं करतात आणि ही दोन्ही औषधं नेमकी त्यांचीच निर्मिती कमी करतात. वय पासष्टच्या पुढे, पूर्वी अल्सर झालेला, जोडीला रक्त पातळ करणारं औषध किंवा स्टेरॉइड, असं जमून आलं की अल्सरचा धोका आणखी वाढतो. मग डॉक्टर पोटाच्या संरक्षणासाठी ही गोळी लिहून देतात. ‘भरल्या पोटी घेतली की काही होत नाही’ हा काकांचा सिद्धांत अर्धाच खरा. वेदनाशामक गोळी रक्तातूनही काम करते, त्यामुळे वर दोन पोळ्या रचल्या तरी अस्तराची राखण काही परत येत नाही. काका मात्र गुडघ्याची गोळी रोज घेतात आणि पोटाची फक्त रविवारी.

काकूंचं उलट. त्यांची कंबरदुखीची गोळी गेल्या दिवाळीत बंद झाली. सोबत आलेली पोटाची गोळी या दिवाळीपर्यंत चालूच आहे. कुणी बंद कर म्हटलं नाही, त्यांनीही विचारलं नाही.

अल्सर तिखटाने होतो, ही समजूत घालवायला एका डॉक्टरला जिवावर उदार व्हावं लागलं. ऑस्ट्रेलियात पर्थला रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांना रुग्णांच्या पोटात एक नागमोडी जंतू सापडला होता. अल्सरच्या मुळाशी तोच आहे हे लोक मानेनात, तेव्हा 1984 मध्ये मार्शलनी तो जंतू घातलेलं द्रावण सरळ पिऊन टाकलं. काही दिवसांत मळमळ, उलट्या, तोंडाला घाण वास. दुर्बिणीने तपासलं तर पोटाला सूज. हे करण्याआधी त्यांनी बायकोला विचारलं नव्हतं, हे धाडस काकांना जास्त मोठं वाटतं. 2005 मध्ये दोघांना नोबेल मिळालं. हा जंतू सापडला तर आता प्रतिजैविकांसह दहा-चौदा दिवसांचा ठरलेला कोर्स असतो. नुसती ‘गॅसची गोळी’ पुरत नाही.

खिशातली पट्टी वाटण्याची हौस मात्र गमतीत काढण्यासारखी नाही. अल्सर टाळण्यासाठीच मिसोप्रोस्टॉल नावाचंही औषध मिळतं, काही वेदनाशामकांच्या जोडगोळीत ते मिसळलेलं असतं आणि गरोदर बाईने ते घेतलं तर गर्भपात होऊ शकतो. सासऱ्यांची ‘पोटाची गोळी’ सुनेला द्यायची नाही ती यासाठी. हृदयासाठी क्लोपिडोग्रेल चालू असेल तर ओमेप्रॅझोल त्याचा परिणाम कमी करू शकते, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी 2009 मध्येच दिला होता. आणि शौचाला डांबरासारखं काळं होत असेल, किंवा उलटीत रक्त दिसत असेल, तर डबा उघडायचा नाही. तडक दवाखाना गाठायचा.

वर्षानुवर्षं घेतली तर ही गोळी बी-12 आणि मॅग्नेशियम कमी करू शकते, हे ऐकून काकूंनी एका संकष्टीला ती अचानक सोडली. दोन दिवसांत छातीत जळजळ. “बघा, मला लागतेच!” असा निकाल त्यांनी देऊन टाकला.

डेन्मार्कमध्ये 120 धडधाकट माणसांवर एक प्रयोग झाला होता. त्यांना ॲसिडिटीचा त्रासच नव्हता. निम्म्यांना आठ आठवडे याच जातीची गोळी दिली आणि न सांगता थांबवली. नंतरच्या चार आठवड्यांत त्यांतल्या 44 टक्के लोकांना जळजळीसारखा त्रास झाला. ज्यांना पहिल्यापासून खोटी गोळी होती त्यांच्यात 15 टक्के. दाबून ठेवलेलं आम्ल काही काळ उसळी मारतं, एवढाच त्याचा अर्थ. काकूंच्या डॉक्टरांनी मग मात्रा हळूहळू उतरवत नेली. काकांना मात्र बजावलं, ॲस्पिरिन आहे तोवर ही गोळी मनाने सोडायची नाही आणि रविवारपुरतीही ठेवायची नाही.

काका तयार झालेत. पट्टी आता खिशातून देवघराशेजारच्या फडताळात गेली आहे, गजर सहाचा लावला आहे. “अहो, पण गोळीनंतर अर्धा तास चहाही नाही का?” असं काकूंनी विचारल्यापासून घरात वाद पेटला आहे. चहा नाश्त्यात धरायचा की नाही, हे विचारायला काका गुरुवारी पुन्हा दवाखान्यात जाणार आहेत.