साडेसहा बँडचं बालपण

आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेच्या क्लासला जाणारा मुलगा ओळखायची खूण सोपी आहे: त्याचं बालपण दर चार महिन्यांनी बदलतं. बोलण्याच्या परीक्षेतले विषय साधारण तेवढ्याच अवधीने पालटतात, मग आठवणींनाही पालटावं लागतं. जानेवारीत तो लहानपणी पतंग उडवायचा. मे महिन्यात आजोबांनी त्याला कॅमेरा दिला आणि पठ्ठ्या थेट डोंगरमाथ्यावरचे सूर्योदय टिपू लागला.

खरे आजोबा बार्शीला असतात. त्यांनी नातवाला हाताने दिलेली एकच गोष्ट त्याच्या लक्षात आहे, आणि ती कानाखाली होती.

बोलण्याची परीक्षा अकरा ते चौदा मिनिटांची. मधल्या टप्प्यात एक कार्ड हाती येतं: लहानपणीचा आनंदाचा प्रसंग सांगा, किंवा आवडत्या फोटोचं वर्णन करा. तयारीला एक मिनिट, बोलायला दोन. आमचा गडी त्या मिनिटात आठवत काही नाही; पाठ केलेल्यातलं कुठलं खपवायचं एवढंच ठरवतो.

वास्तविक फोटो त्याच्याकडे आहे. जत्रेतला स्टुडिओ, मागे रंगवलेला ताजमहाल, कानाला वायर नसलेला फोन, पायात चुलतभावाचे बूट, आणि ते चावतात म्हणून पडलेलं तोंड. टपरीवर तो हे मराठीत रंगवतो तेव्हा ऐकणाऱ्यांच्या नाकातून चहा येतो. अडखळणं नाही, आठवणं नाही. ‘अरे, हेच सांग की तिथे!’ म्हटलं तर तो कीव केल्यासारखा बघतो. ‘यात व्होकॅबलरी कुठंय?’ चारातला एक हिस्सा गुण शब्दसंपत्तीला असतात हे त्याला पाठ आहे. सलग, ओघाने बोलण्यालाही तेवढेच असतात, हे मात्र त्याच्या डोक्यावरून जातं. खऱ्याखोट्याला गुण नसतात म्हणा, पण घोकलेलं बोलणं परीक्षकाला लगेच कळतं.

तसं ते कळलं. कार्ड संपल्यावर परीक्षक बाईंनी सहज विचारलं, काढलेले फोटो अजून आजोबांना दाखवतोस का? हे नोट्समध्ये नव्हतं. घाबरून तो म्हणाला, ‘माय ग्रँडफादर इज नो मोअर.’ बाई हळहळल्या. बार्शीत म्हातारा त्या वेळी दुसरा चहा मागत होता.

हवा होता साडेसहा, बँड आला साडेपाच. हल्ली एकच विभाग पुन्हा देता येतो, साठ दिवसांच्या आत. तयारी जोरात आहे. या खेपेला कॅमेरा मावशी देणार आहे.