आमची कोठेही शाखा नाही

आमच्या सदाशिव पेठेतल्या इमारतीत जिन्याखाली एक वही असते. नाव, गाव, मोबाइल नंबर, कोणाकडे, कशासाठी, हे सगळं लिहिल्याशिवाय पाहुण्याला पहिली पायरीही चढता येत नाही. वही नानांची. सिलिंडर घेऊन आलेल्या माणसाचं ओळखपत्र ते दोन्ही बाजूंनी वाचतात.

त्याच नानांनी गेल्या महिन्यात पंचांगाचं एक फुकट ॲप घेतलं. त्याने कॅमेरा मागितला, माइक मागितला, एसेमेस वाचायची परवानगी मागितली. राहुकाल सांगायला माइक कशाला, हे नानांनी विचारलं नाही. भराभर 'अलाऊ' दाबत मला म्हणाले, "अहो, स्टोअरमधून घेतलंय. तिथे तपासून ठेवतात."

तपासतात तर! नोव्हेंबर २०१७ मध्ये गूगलच्या प्ले स्टोअरवर व्हॉट्सॲपची नक्कल बिनदिक्कत मांडलेली होती. खाली कंपनीचं नावही तेच, फक्त नावाच्या शेवटी एक न दिसणारी मोकळी जागा. तेवढ्या फटीतून दहा लाखांवर डाउनलोड झाले. 'आमची कोठेही शाखा नाही' ही पाटी ज्या गावात मुलं बाराखडीआधी वाचतात, तिथल्या किती जणांनी ते घेतलं असेल, देव जाणे. पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये ॲपलच्या स्टोअरवर पासवर्ड सांभाळणाऱ्या 'लास्टपास'ची नक्कल निघाली. नाव 'लासपास'. ऱ्हस्व-दीर्घ चुकला की संपादकांना पोस्टकार्ड टाकणारा आपला एखादा निवृत्त मास्तर तिकडे बसवला असता, तर हे दारातच अडलं असतं.

खरं तर अशा ॲपची युक्ती कोणत्याही घरमालकाला पाठ आहे. करार करताना 'आम्ही दोघंच, शाकाहारी'. तिसऱ्या महिन्यात सहा जण आणि गॅलरीत तंदूर. तपासणीच्या दिवशी ॲप गुणी बाळ असतं. उरलेलं सामान नंतर, अपडेटच्या टेम्पोतून येतं.

कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानातून उभ्या राहिलेल्या आपल्या पुण्याच्याच क्विक हीलने जानेवारी २०१८ मध्ये असंच एक सोंग उघडं पाडलं होतं. ते स्टोअरबाहेरून यायचं, फ्लॅश प्लेअरच्या वेषात. 'नाही' म्हटलं तरी हो म्हणेपर्यंत परवानगी मागत राहायचं. विमा एजंट परवडला. मग २३२ ॲपच्या यादीतलं, म्हणजे बहुतेक बँकांचं, एखादं फोनमध्ये सापडलं की त्याचा खोटा लॉगिन पुढे करायचं, आणि ओटीपीचा एसेमेसही स्वतःच वाचायचं.

हे मी नानांना सांगत होतो, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. स्पीकरवर गोड आवाज : "नमस्कार सर, पेन्शन काल जमा झाली ना? नातवाच्या फीसाठी कर्ज हवंय का?"

नाना लालबुंद झाले. "आधी सांगा," ते गरजले, "वहीत नाव लिहिलंत का?"