टेन्समीमांसा : गाळलेल्या जागांच्या शास्त्राची प्रास्ताविक रूपरेखा

परभाषेतील क्रियापद कंसात कोंडावे, त्याच्या मूळ स्थानी रेघ ओढावी आणि ती रेघ तिऱ्हाइताकडून भरून घ्यावी, या त्रिविध व्यापारास प्रस्तुत शास्त्रात ‘काळसराव’ अशी संज्ञा आहे. ‘कंसातील क्रियापदाचे योग्य रूप लिहा’ हे त्याचे आद्यसूत्र. सूत्रकार अज्ञात आहे. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजीचे उपनयन पहिलीतच होऊ लागले. तत्पूर्वी मराठी शाळांतून हा संस्कार पाचवीत होत असे. त्यामुळे साधकांचे वय घटले, मात्र शास्त्राची पद्धतशीर मांडणी कोणी हाती घेतली नाही. ती उणीव दूर करणे हेच प्रस्तुत लेखाचे प्रयोजन.

प्रथम संख्यानिर्णय. लिंडली मरे यांनी १७९५ च्या आपल्या इंग्रजी व्याकरणात सहा काळ मानले. क्वर्क, ग्रीनबॉम, लीच आणि स्वार्टविक या आचार्यचतुष्टयाने १९८५ च्या बृहद्व्याकरणात वर्तमान आणि भूत असे दोनच काळ मान्य करून भविष्यकाळाचे स्वतंत्र अस्तित्वच नाकारले. आपल्याकडील क्लासेस बारा मानतात. यांपैकी द्वादशकालवाद हाच सिद्धान्तपक्ष होय. तीन गुणिले चार असा तक्ता फळ्यावर नेमका बसतो. द्विकालवाद पत्करल्यास फळ्याचा मोठा भाग निष्प्रयोजन राहतो, आणि दोन काळांसाठी संपूर्ण उन्हाळी सुटीची फी आकारणे न्यायसंगत ठरत नाही.

तक्त्याचे ज्ञान होण्यापूर्वी साधकास धातुपाठ मुखोद्गत असावा लागतो. धातूंचे वर्ग तीन :

(१) सविकार. उदा. गो-वेंट-गॉन. पठणसमयी मान डोलवणे विहित आहे.

(२) निर्विकार. उदा. कट-कट-कट, पुट-पुट-पुट. यांना भूत-वर्तमानाचा स्पर्श नाही. साधकांची सर्वाधिक प्रीती यांच्यावर असते, आणि सर्वच धातू याच वर्गात का घातले नाहीत, हा प्रश्न प्रत्येक पिढी नव्याने विचारते.

(३) मायावी. उदा. रीड-रेड-रेड. लेखी परीक्षेत हा धातू निर्विकार असून तोंडी परीक्षेत सविकार होतो.

आता आम्रप्रश्नाकडे वळू. मराठी तक्त्याच्या पहिल्या चौकटीत ‘राम आंबा खातो’ असे विधान असते आणि बाराव्या चौकटीत तोच राम ‘आंबा खात आलेला असेल’. मधल्या दहा चौकटींत तो आंबा खात होता, खाल्ला होता, खात असेल, खात आलेला आहे. हा आंबा एक की अनेक? एकाम्रवाद्यांच्या मते तक्ता एकच असल्याने आंबाही एकच. यावर गंभीर आक्षेप असा की, तिसऱ्या चौकटीत ‘खाल्ला आहे’ म्हणून संपलेला आंबा चौथ्या चौकटीत पुन्हा खाल्ला जाऊ लागतो. म्हणून आम्ही अनेकाम्रवाद स्वीकारतो : प्रतिचौकट एक, म्हणजे डझनभर आंबे. बाजारात आंबा डझनावर विकला जातो, हे या मताचे स्वतंत्र प्रमाण मानावे. ‘खात आलेला असेल’ या रूपाविषयी एवढेच नमूद करतो, की तक्त्याबाहेर हे रूप कोणा मराठी भाषकाच्या मुखातून निघालेले आमच्या श्रवणात नाही. त्याचा अधिवास तक्त्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात आहे.

शास्त्राचे सर्वांत समृद्ध प्रकरण पूर्ण भूतकाळाचे. भूतकाळात दोन घटना घडल्या असता आधीच्या घटनेस ‘हॅड’ जोडावा, हा नियम सर्वसंमत आहे, वाद दृष्टान्ताचा. रुग्णसंप्रदाय म्हणतो, ‘डॉक्टर येण्यापूर्वी रोगी मेला होता.’ रेल्वेसंप्रदाय म्हणतो, ‘आम्ही स्टेशनवर पोहोचण्यापूर्वी गाडी सुटली होती.’ रेल्वेवाद्यांचा युक्तिवाद करुणाप्रधान आहे : तेच व्याकरणिक फल जीवितहानीशिवाय साधत असेल तर दरवर्षी लक्षावधी वह्यांतून एका निरपराध रोग्याचा अंत घडवणे अनुचित होय. रुग्णवादी उत्तर देतात, की पूर्वत्व आत्यंतिक हवे. दादर स्थानकावर एक लोकल सुटली तर लगेच दुसरी येते. तेथे ‘सुटली होती’ या रूपास पुरेसे गांभीर्य राहत नाही. रोग्याच्या बाबतीत पुढच्या गाडीची सोय नाही. हा आक्षेप रास्त आहे, तथापि तो मध्य आणि पश्चिम रेल्वेच्या उपनगरी मार्गांपुरताच लागू पडतो. दिवसातून एकच एसटी येणाऱ्या गावी वाहनदृष्टान्त पूर्णतः समर्थ ठरतो, आणि म्हणूनच एसटीपंथ हा तिसरा उपसंप्रदाय मानावा, असे आम्ही सुचवतो. तिन्ही पक्षांस एक गोष्ट मान्य आहे : डॉक्टर कधीही वेळेवर येता कामा नये. तो वेळेवर आल्यास साधा भूतकाळ पुरतो आणि प्रकरण बुडते.

संकेतवाद्यांचा उल्लेख ओझरता पुरे. यांच्या मते वाक्य वाचणे अनावश्यक. ‘यस्टर्डे’ दिसताच दुसरे रूप, ‘सिन्स’ दिसताच ‘हॅज बीन’, ‘लुक’ आणि पुढे उद्गारचिन्ह दिसताच ‘इज’ व आयएनजी. गुणांच्या दृष्टीने हा पंथ अजिंक्य आहे, म्हणून त्याचे खंडन आम्ही करत नाही. याउलट चालूकाळपंथी परीक्षेबाहेर आढळतात. ‘आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स’ म्हणताना भाऊ असणे ही अद्याप सुरू असलेली क्रिया आहे, अशी यांची श्रद्धा. निसिम एझिकेल या मुंबईकर कवीने मिस पुष्पा टी. एस. यांच्या निरोपसमारंभावरील कवितेत या पंथाची वाणी कायम करून ठेवली आहे. मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल समाजातून आलेल्या या कवीचे श्रवण या बाबतीत प्रमाण मानण्यास हरकत नसावी.

रिक्तस्थानमिती ही अगदी नवी शाखा. गाळलेल्या जागेच्या लांबीवरून उत्तरातील शब्दसंख्या अनुमानाने जाणणे, हे तिचे लक्षण. आखूड रेघ असता ‘एट’, मध्यम असता ‘हॅज ईटन’, ऐसपैस असता ‘हॅड बीन ईटिंग’. ही शाखा भरभराटीस येत असतानाच काही प्रकाशकांनी सर्व रेघा सारख्या लांबीच्या छापण्यास आरंभ केला. अनुमानप्रमाणावर एवढा मोठा आघात अलीकडच्या काळात अन्यत्र झालेला नाही.

अखेरीस पाठचिकित्सा. पुण्यातील आप्पा बळवंत चौकात मिळणाऱ्या जुन्या व्याकरणपुस्तकांतील बहुतेक रेघा पूर्वसूरींनी आधीच भरलेल्या असतात. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या कालावधीत महाभारताची चिकित्सक आवृत्ती ज्या पद्धतीने सिद्ध केली, तीच पद्धती येथे अवलंबावी लागते : हस्ताक्षरे पृथक करावी, शिसपेन शाईपूर्व मानावे, खाडाखोडीखालचा पाठ उजेडाकडे पान धरून वाचावा. आमच्या संग्रही असलेल्या एका प्रतीत रेल्वेच्या वाक्यापाशी तीन थर आढळतात. शिसपेनने ‘हॅड लेफ्ट’. त्यावर निळ्या शाईने काट मारून ‘लेफ्ट’. पुन्हा त्यावर काट आणि काळ्या शाईने ‘हॅड लेफ्ट’, मात्र एफ दोन. समासात चौथ्या हस्ताक्षरात एक टीप आहे : ‘बिफोर असल्यामुळे सर म्हणाले दोन्ही चालेल.’ ही टीप आम्ही प्रक्षिप्त मानतो.