सातव्या मितीची मॅट

काशीत चौदा भुवनांचा हिशेब ठेवणारे शास्त्री आहेत, सप्तलोकांची नावे पाठ असणारी पोरे आहेत, मोक्षाची सोय तर आहेच. उणीव होती फक्त सेव्हन-डी मॅटची. तीही आता भरून निघाली आहे. ही मॅट मोटारीच्या शोरूममध्ये मिळते आणि ती घेतल्याशिवाय मोटार मिळत नाही.

ब्रह्माघाटावरचे आमचे नाना (पूर्वज पेशवाईत कोकणातून यात्रेला आले, ते अजून परतायचे आहेत) यांनी आयुष्यातली पहिली गाडी घ्यायचे ठरवले ते २०२५च्या नवरात्रात. २२ सप्टेंबरला घट बसले आणि त्याच दिवशी छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा २८ टक्के जीएसटी आणि वरचा एक टक्का उपकर जाऊन सरळ १८ टक्के झाला. नानांनी पंचांगाच्या मलपृष्ठावर हिशेब मांडला. कराआधी पाच लाखांची गाडी काल ६ लाख ४५ हजारांना होती, आज ५ लाख ९०. म्हणजे घरबसल्या ५५ हजारांची प्राप्ती. अडचण एवढीच की हाच हिशेब त्याच सकाळी सबंध देशाने मांडला. गाड्या वाहून आणणारे ट्रेलर कमी पडले, दिवाळी तोंडावर आली, छोट्या गाड्यांना वेटिंग लागले. एरवी गिऱ्हाईक आले की शोरूममधला मुलगा उठून उभा राहतो. तुटवड्यात तो बसून राहतो आणि गिऱ्हाईक उभे.

“अंकलजी, वेटिंग तो बहुत है,” मुलगा म्हणाला. मग आवाज उतरवून, “लेकिन एक गाडी खडी है. आजे मिल जाई. किट के साथ.”

किट नको, नुसती गाडी द्या, असे नाना म्हणाले. त्यावर, किट निघत नाही, ते कंपनीकडूनच लागून येते, असे उत्तर मिळाले. कंपनीकडून लागून आलेले ते किट तेव्हा काउंटरखाली खोक्यात होते. सीट कव्हर, मडफ्लॅप, खिडक्यांवरचे रेन व्हायझर, बंपरच्या कोपऱ्यांना डकवायच्या चार रबरी पट्ट्या, बॉडी कव्हर, अत्तराची बाटली, डॅशबोर्डवर चिकटवायचा गणपती. आणि मॅट.

आता ब्रह्माघाटाचा भूगोल ठाऊक असलेल्यांना सांगायला नको. तिथल्या गल्लीत समोरून सांड आला तर माणसाने कोणाच्या तरी ओसरीवर चढायचे असते. तिथे मोटार घरापर्यंत जायची नाही. ती राहणार बेनियाबागच्या भुयारी पार्किंगमध्ये. म्हणजे जमिनीखाली राहणाऱ्या गाडीला ऊन लागू नये म्हणून बॉडी कव्हर आणि पाऊस लागू नये म्हणून व्हायझर. हे मी सोडून देतो. गणपतीही सोडून देतो, तो काशीतल्या घरी एखादा जास्त झाला तर कोणी तक्रार करत नाही.

मॅट मात्र सोडवत नाही. लांबी, रुंदी, उंची या तीन मिती शाळेत शिकवतात. चौथी काळाची, ती समजून घेताना भल्याभल्यांचे केस पिकले. विश्वाला दहा मिती असाव्यात असा एक सिद्धांत भौतिकशास्त्रज्ञ मांडतात, पण प्रयोगात त्यांना अजून एकही जादा मिती सापडलेली नाही. आणि इथे जीटी रोडवरच्या एका काचेच्या दालनात, क्लचच्या खाली, सात मिती घडी घालून ठेवल्या आहेत! नानांनी विचारले, थ्री-डी समजली, या पुढच्या चार कोणत्या? मुलाने मॅट उलगडली. खाली चौकटी शिवलेले नकली चामडे, त्यावर प्लास्टिकच्या शेवयांची जाळी. जाळीत धूळ अडकते, खाली जात नाही, असे तो म्हणाला. ही झाली एक. बाकीच्या तिन्हींना इतका वास होता की नाना पुढचे विचारू शकले नाहीत. फाइव्ह-डी घेतली तर थोडी सवलत मिळेल का? नाही, ती आता जुनी झाली. नाइन-डी आली आहे, ती वरच्या मॉडेलला. या वेगाने चटईवाले शास्त्रज्ञांच्या दहापर्यंत लवकरच पोचतील आणि तिथेही थांबतील असे वाटत नाही. मलदहियाच्या बाजूला अशीच मॅट, अगदी त्याच वासाची, शोरूमच्या निम्म्याहून कमी पैशांत मिळते. पण ती घेतली तर गाडी मिळत नाही, हा तिच्यातला दोष.

माझ्या मनातून एक गोष्ट जात नाही. २०२१मध्ये गाड्यांसाठी चिप मिळेनात. लॉकडाउनमध्ये मोटार कंपन्यांनी ऑर्डर रद्द केल्या, चिपवाल्यांनी माल लॅपटॉप आणि फोनकडे वळवला, त्यात जपानमधल्या एका चिप कारखान्याला आग लागली. जगभर कारखाने अर्धवट चालले. एका कंपनीने तर पुढे दोनऐवजी एकच स्मार्ट किल्ली देऊन वेळ मारून नेली. पण त्या वर्षात, किंवा त्यानंतर, किटचा तुटवडा झाल्याचे कोणी ऐकले आहे का? मडफ्लॅपला वेटिंग, सीट कव्हर पुढच्या तिमाहीत, अशी एक तरी बातमी? चिप संपतील, ट्रेलर संपतील, मॅट अक्षय्य आहे.

अमेरिकेत १९५८च्या कायद्याने कंपनीची किंमत नव्या गाडीच्या काचेवर चिकटवावी लागते. ती किंमत डीलरवर बंधनकारक नसते. म्हणून चिपच्या टंचाईत तिथल्या डीलरांनी शेजारी दुसरा कागद चिकटवला आणि ‘बाजारभावानुसार फरक’ म्हणून हजारो डॉलर उघड लिहिले. निर्लज्जपणा आहे, पण अक्षर वाचता येते. आपल्याकडे स्कूटरला वर्षानुवर्षे नंबर लागायचा तेव्हा नंबर आलेला माणूस ती आहे तशी विकून टाकी आणि वर ‘ऑन’ घेई. तोही आकडा तोंडाने सांगे. दशाश्वमेधावरचा पंडासुद्धा संकल्प सोडण्याआधी दक्षिणा किती ते बोलतो, आणि पिंडदानाबरोबर सीट कव्हर घ्यायला लावत नाही.

आजचा डीलर एक्स-शोरूम किमतीवर एक रुपया चढवत नाही. तेवढी किंमत तो काचेत लावतो, तिच्याकडे बोट दाखवतो आणि मग बिलाच्या दुसऱ्या पानावर सुरू होतो. हँडलिंग चार्ज, म्हणजे त्यांची गाडी त्यांच्याच गोडाउनातून त्यांच्याच शोरूममध्ये आणल्याचे भाडे तुमच्याकडून. असा आकार घेऊ नये, असे काही राज्यांच्या परिवहन खात्यांनी बजावले आहे. त्या हुकमांचे हँडलिंग कोण करतो कोणास ठाऊक. पुढे विमा. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सप्टेंबर २०१८पासून सक्तीचा आहे, हे खरे. तो याच टेबलावर घेतला पाहिजे ही सक्ती कोणीही केलेली नाही. पण बाहेरून घेतो म्हणालात की मुलाचा चेहरा पडतो. “फिर कॅशलेस में दिक्कत आई, अंकलजी.” ही धमकी आहे. मऊ आवाजात, चहा पाजून दिलेली, पण धमकीच. आणि ती द्यायला डीलर पगारी पोरांना बसवतात. ज्यांच्या खिशात पैसा जातो ते आत एसीत असतात. ज्याला गाडी नाइलाजाने घ्यावी लागते, आईला डायलिसिसला न्यायचे म्हणून, बदली झाली म्हणून, त्याला तुटवड्यात कोपऱ्यात गाठून पट्ट्या विकायच्या, आणि शेवटी त्यालाच फीत कापायला लावून, पुठ्ठ्याची हातभर किल्ली हातात देऊन, टाळ्या वाजवून फोटो काढायचा! नानांचा असा फोटो आहे. त्यात ते हसलेले नाहीत.

सरकारने सोडलेले ५५ हजार पहिल्या पानावर नानांना मिळाले आणि दुसऱ्या पानावर जवळजवळ तेवढेच गेले. कर कमी होतो तेव्हा तो कोणासाठी होतो, हे अर्थशास्त्राच्या पुस्तकांत शोधू नये. काउंटरखालच्या खोक्यात पाहावे.

एक वस्तू हवी तर दुसरी घेतलीच पाहिजे, अशा सक्तीला ग्राहक संरक्षण कायदा २०१९च्या कलम २(४१)मध्ये निर्बंधात्मक व्यापारप्रथा म्हटले आहे आणि ग्राहक आयोगाकडे तिच्याविरुद्ध तक्रार करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तेव्हा येत्या पाडव्याला जे गाडी नोंदवणार असतील त्यांनी बुकिंगचे पैसे भरण्याआधी फॉर्मवर स्वतःच्या अक्षरात ‘किट नको, हँडलिंग नको, विमा माझा मी घेईन’ असे लिहावे आणि त्याखाली शोरूमचा सही-शिक्का मागावा. सही मिळत नसेल तर चहा तसाच ठेवून उठावे.