गाडी मागण्याचे प्राथमिक धडे

मुंबईची नोकरी संपवून रत्नागिरीला कायमचं राहायला आलात, की दोन विद्या शिकाव्या लागतात. एक, माकडांपासून बाग राखणं. दुसरी, रेल्वेला निवेदन देणं. पहिलीत पारंगत झालेला माणूस अजून जन्माला यायचा आहे. दुसरी शिकवता येते, म्हणून हे धडे.

सुरुवात साहित्यापासून. एक लेटरहेड, एक रबरी शिक्का आणि एक संघटना. कोकणात रेल्वे प्रवाशांच्या संघटना पुष्कळ आहेत, म्हणून लाजू नका, आणखी एक खपते. अध्यक्ष शक्यतो मुंबईत राहणारा निवडा, कारण मंत्रालय तिकडे, मध्य रेल्वेचं मुख्यालय तिकडे आणि कोकण रेल्वेचं मुख्यालयही बेलापूरला. सचिव मात्र गावातला हवा. सह्या त्यालाच गोळा करायच्या असतात. सह्या घेताना ‘आमच्याकडे थांबते की गाडी, मग कशाला?’ असं विचारणारे दोनचार जण भेटतील. त्यांच्याशी वाद घालू नये. त्यांची गाडी बंद झाली की ते स्वतःहून येतात.

निवेदन दिलं की दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का मारून घ्या. या पोहोच घेतलेल्या प्रतीला घरातल्या खरेदीखताचा मान द्यावा. गाडी मिळेल न मिळेल, पण पाच वर्षांनी ‘आम्ही तेव्हाच मागणी केली होती’ असं सांगायला कागद लागतो.

आता मागायचं काय? नवशिका इथेच फसतो. त्याला वाटतं, लहान मागणी लवकर मिळेल. म्हणून तो पत्र्याची शेड मागतो, पाण्याचा नळ मागतो, फार तर एक थांबा मागतो. अनुभव उलटा आहे. कोकणात मोठी गोष्ट चटकन मिळते, कारण ती द्यायची नसते, जाहीर करायची असते. कोल्हापूर-वैभववाडी मार्गाला २०१६ च्या रेल्वे अर्थसंकल्पात जागा मिळाली. घाट उतरून येणारा १०७ किलोमीटरचा मार्ग आहे हा. चिपळूण-कराडचंही असंच एकदा ठरलं होतं. सावंतवाडीच्या टर्मिनसचं भूमिपूजन २०१५ मध्ये सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना झालं आणि तिथले लोक पूर्ण टर्मिनससाठी पुढची दहा वर्षं आंदोलनं करत राहिले. तेव्हा घाईत असाल तर नवा मार्ग मागा. त्याला निदान नारळ तरी फुटतो.

सगळ्यात अवघड मागणी कोणती, तर पूर्वी होतं ते परत द्या, ही. उदाहरण म्हणून रत्नागिरी-दादर पॅसेंजर घ्या. पहाटे रत्नागिरीहून निघायची आणि दुपारी दादरला सोडायची. करोनाच्या काळात गाड्या थांबल्या. नंतर सुरू झाल्या तेव्हा ही गाडी दिव्यापर्यंतच आली आणि तिथेच राहिली. कागदावर हा फरक थोडासाच दिसतो. तो बघायचा असेल तर मे महिन्यात दिव्याच्या फलाटावर उभे राहा. साठीची बाई उतरते. एका हातात आंब्याची पेटी, खांद्याला पिशवी, त्यात कुळीथ, सोलं आणि कोकमाच्या आगळाची बाटली, आणि पायाशी गोणपाटात बांधलेला फणस. हे सगळं घेऊन तिनं पूल चढायचा, पलीकडे उतरायचं आणि आधीच दाराबाहेर माणसं लोंबकळणाऱ्या लोकलमध्ये शिरायचं. फणस घेऊन लोकलमध्ये शिरणाऱ्याला मुंबईकर जे ऐकवतो ते इथे छापता येणार नाही. दादर होतं तेव्हा ती टॅक्सी करून परळला मुलाकडे जायची.

मग ही गाडी परत दादरला न्यायला हरकत काय? दादरला फलाट मोकळा नाही आणि लोकलच्या वक्तशीरपणाला धक्का बसतो, ही कारणं खोटी नाहीत. पण माझ्या मते खरी अडचण वेगळी आहे. नव्या गाडीला हिरवा झेंडा दाखवता येतो. जुनी गाडी जुन्या जागी परत आली तर झेंडा दाखवायला कोण येणार, आणि फ्लेक्सवर लिहायचं काय? ‘होतं तेच पुन्हा दिल्याबद्दल जाहीर आभार’?

विलायतेत म्हणे असं होतं. तिथे १९६३ च्या बीचिंग अहवालानं दोन हजारांहून जास्त स्टेशनं बंद करायला सांगितली होती. त्यानंतरच्या वर्षांत बंद पडलेल्यांपैकी काही मार्ग आता लोकांनी मागून मागून परत उघडायला लावले. स्कॉटलंडमधला बॉर्डर्स रेल्वेचा मार्ग २०१५ मध्ये आणि डेव्हनमधलं ओकहॅम्पटन २०२१ मध्ये. निवेदनात हे दाखले देऊ नयेत. साहेब शांतपणे सांगतील, ‘तुमची गाडी बंद कुठे झाली आहे, दिव्यापर्यंत येते ना?’ आणि ते खरं असतं. विदर्भात शकुंतला रेल्वे बंद पडली, तिच्या नावानं लोकांना रडता तरी येतं. आमची गाडी चालू आहे, म्हणून आमच्याकडे रडायलाही जागा नाही.

आता मुख्य धडा. हा पक्का झाला तर बाकीचं सोडलंत तरी चालेल. कोकण रेल्वेवर स्टेशन माणसांसाठी उघडत नाही, गाड्यांसाठी उघडतं.

रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटरचा हा मार्ग. १९९० मध्ये कंपनी स्थापन झाली आणि २६ जानेवारी १९९८ ला सगळा मार्ग सुरू झाला. डोंगर, बोगदे, खाड्या आणि पावसाळा असूनही आठ वर्षांत झाला, हे श्रीधरन आणि त्यांच्या माणसांचं कर्तृत्व आहे, त्याची थट्टा करायची नाही. पण मार्ग एकेरी. ऑगस्ट २०२१ मध्ये रोहा ते वीर एवढा सत्तेचाळीसेक किलोमीटरचा तुकडा दुहेरी झाला. वीरच्या खाली समोरासमोर आलेल्या दोन गाड्यांपैकी एकीला स्टेशनात बाजूच्या रुळावर घ्यावं लागतं, त्याला क्रॉसिंग म्हणतात. बाजूला कोणी व्हायचं हे जन्मानं ठरलेलं असतं. पॅसेंजर बाजूला होते.

हा अनुभव पुस्तकातून येत नाही. रत्नागिरीहून निघालेली पॅसेंजर भोक्याला उभी राहते. पुढे उक्षीकडे करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आहे, त्यात समोरून कोणीतरी शिरलेलं असतं. पंखे फिरतात, पोरं खाली उतरून करवंदं शोधतात, कोणीतरी जाणकार ‘राजधानी असेल’ म्हणतो. येते ती रो-रो. सपाट वॅगनांवर ओळीनं ट्रक चढवलेले आणि एकेका ट्रकच्या केबिनमध्ये ड्रायव्हर बनियनवर आडवा झालेला. ही सेवा १९९९ पासून आहे आणि चांगली आहे, डिझेल वाचतं, घाट वाचतो. पण तिकीट काढलेला माणूस रुळाच्या कडेला आणि झोपलेला ट्रक मेन लाइनवर, हे दृश्य पहिल्यांदा बघताना थोडं जड जातं. दुसऱ्यांदा सवय होते.

तर, या क्रॉसिंगसाठी जास्त जागा हव्या म्हणून कोकण रेल्वेनं काही वर्षांपूर्वी दहा नवी स्टेशनं बांधायला घेतली. इंदापूर, गोरेगाव रोड, सापे वामने, कळंबणी, कडवई, वेरवली, खारेपाटण रोड, आचिर्णे आणि कर्नाटकातली दोन. कडवईकर कित्येक वर्षं स्टेशन मागत होते. मिळालं. आनंद झाला, मिरवणुका निघाल्या, ते योग्यच. पण स्टेशन मिळालं ते गावातली पोरं कॉलेजला जातात म्हणून नव्हे. दोन गाड्यांना एकमेकींना ओलांडायला तिथे रूळ हवा होता म्हणून. तेव्हा निवेदनात विद्यार्थी, रुग्ण, ज्येष्ठ नागरिक आणि गणपती यांच्यावर चार परिच्छेद खर्च करू नका. लिहा, ‘आमच्या गावाजवळ लूप लाइन टाकल्यास मालगाड्यांची रखडपट्टी कमी होईल.’ साहेब पहिल्यांदाच मान वर करतील.

थांब्याच्या बाबतीत एक सूक्ष्म नियम आहे. आपल्या स्टेशनचा थांबा ही जनतेची गरज असते, शेजारच्या स्टेशनचा थांबा म्हणजे गाडीचा खोळंबा. वंदे भारत २०२३ मध्ये सुरू झाली, तिला खेडला थांबा आहे, चिपळूणला नाही. यावर दोन्ही तालुक्यांतली मतं वेगवेगळी ऐकावीत आणि दोन्हीकडे मान डोलवावी. माझं मत विचाराल तर सगळ्या एक्स्प्रेस सगळीकडे थांबवा म्हणणं हा वेडेपणा आहे. केरळच्या प्रवाशानं आरवलीला का थांबावं? वीरपासून रत्नागिरीपर्यंत दुसरा रूळ, मुंबई ते चिपळूण रोजची कायमची गाडी आणि दादरची पॅसेंजर, एवढं मिळालं तर निम्म्या संघटनांना काम उरणार नाही. दिव्याहून चिपळूणला सणासुदीला मेमू सोडतातच, म्हणजे ती डोंगर चढू शकते हे सिद्ध आहे. पण दुहेरीकरणाच्या मागणीत अडचण अशी, की तिच्याबरोबर फोटो निघत नाही. थांबा मिळाला तर इंजिनाला हार घालता येतो.

पत्ता कोणाचा घालायचा? रोह्यापर्यंत मध्य रेल्वे, रोह्यापासून कोकण रेल्वे. दादरबद्दल बेलापूरला लिहिलंत तर ‘विषय मध्य रेल्वेच्या अखत्यारीत’ असं उत्तर येईल. मध्य रेल्वेला लिहिलंत तर ‘कोकण रेल्वेकडून प्रस्ताव आल्यास विचार करू’ असं येईल. दोन्ही उत्तरं एकाच फायलीला लावा, वाचताना करमणूक होते. शिवाय कोकण रेल्वे ही कंपनी. स्थापनेच्या वेळी केंद्राचा ५१ टक्के वाटा, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा आणि केरळ ६-६. भावकीच्या घरासारखं आहे हे, कौल फुटला तर शाकारायचा कोणी यावर बैठक बसते. म्हणून तर भारतीय रेल्वेत विलीन करा ही मागणी वाढली आणि २०२५ मध्ये महाराष्ट्रानंही संमती दिली, ‘कोकण रेल्वे’ हे नाव राहावं या अटीवर. विलीनीकरणानं काय होईल ते होईल, पत्ता मात्र बदलेल. लेटरहेड एकदम जास्त छापून ठेवू नका.

जाता जाता तिकिटावरचे किलोमीटरही बघा. कोकण रेल्वेचं अंतर भाड्यासाठी ४० टक्के वाढवून धरायची पद्धत आहे. रोहा ते रत्नागिरी खरं अंतर सुमारे २००, पैसे सुमारे २८० चे. बोगद्यांचा खर्च भरून काढायला हे लावलं, तेव्हा कोणी तक्रार केली नाही. पण निवेदनात ‘आम्ही जादा भाडं भरतो’ हे वाक्य ठसठशीत अक्षरात घाला. एवढं एकच वाक्य दोन्ही रेल्वेंना नाकारता येत नाही.

उत्तरांची सवय करून घ्या. ‘सकारात्मक विचार करू’ म्हणजे भेट संपली, चहा घ्या. ‘तांत्रिक अडचण’ म्हणजे रेक नाही, मार्गिका नाही किंवा इच्छा नाही, यांपैकी कोणतंही एक. आश्चर्य वाटेल असं उत्तरही कधी येतं. २०२५ च्या गणपतीत चाकरमान्यांसाठी मोटारगाड्यांची रो-रो सुरू केली. कोलाडला गाडी चढवायची, ७,८७५ रुपये भरायचे. आनंद झाला ना? उतरायचं मात्र गोव्यात, वेर्ण्याला. रत्नागिरीकराची मोटार रत्नागिरीवरून जाणार आणि त्यानं ती गोव्याहून उलटी चालवत गणपतीला घरी आणायची. प्रतिसाद मिळेना, तेव्हा नांदगाव रोडला उतरायची सोय केली. तेही सिंधुदुर्गात.

उपोषणाची तारीख नवशिक्यांना नेहमी विचारावीशी वाटते. २६ जानेवारी किंवा १५ ऑगस्ट. पंधरा दिवस आधी इशारा द्या, म्हणजे आदल्या संध्याकाळी लेखी आश्वासन मिळून घरी जेवायला जाता येतं. पावसाळ्यात आंदोलन टाळा. पावसाळी वेळापत्रकात गाड्या हळू धावतात, ट्रॅकमन रात्रभर दरडी बघत रुळावरून चालत असतो, त्या दिवसांत त्याला आणखी त्रास नको.

बेलापूरला शिष्टमंडळ न्यायचं असेल तर आरक्षण साठ दिवस आधी खुलं होतं आणि आठ वाजून पाच मिनिटांनी संपतं. एसटीनं जा.

आणि समजा, थांबा मिळालाच. संगमेश्वर रोडला नेत्रावती थांबायला लागली ती तिथल्या लोकांनी लावून धरलं म्हणूनच, तेव्हा अशक्य काही नाही. पहिल्या दिवशी हार, पेढे, लोको पायलटला श्रीफळ. गडबडीत आदेशातलं ‘प्रायोगिक तत्त्वावर’ हे दोन शब्दांचं कलम वाचायचं राहून जातं. म्हणजे अमुक महिने तिकीटविक्री बघणार आणि मग ठरवणार. दुसऱ्या दिवसापासून सचिवानं खिडकीवर जाऊन किती तिकिटं फाटली ते विचारायचं, ज्यांना कुठेच जायचं नाही त्यांनाही पुढच्या स्टेशनापर्यंत पाठवायचं, आणि मुदत संपायच्या आत नवं निवेदन टाकायचं. मजकूर जुनाच चालेल. ‘थांबा देणेबाबत’ खोडून ‘थांबा कायम करणेबाबत’ लिहा, तारीख बदला आणि पोहोच घ्यायला विसरू नका.