मॅटीकाकू

घटस्थापनेच्या आदल्या रात्रीपर्यंत मॅटीकाकू इतर चार काकूंसारख्याच असतात. पितृपक्षात नवं कापड कापायचं नाही, हा त्यांचा नियम. (जुनं अर्धवट राहिलेलं पुरं केलं तर चालतं. पितरांची त्याला हरकत नसते, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलंय.) घट बसले की मात्र दिवाणाखालची पत्र्याची पेटी बाहेर येते आणि थेट तुळशीच्या लग्नापर्यंत त्या घरातला पंखा बंद होतो.

कारण पंख्याने दोरे उडतात.

काकूंची भाची अमेरिकेत असते. तिच्याकडून या दिवसांत फोटो येतात: खिडकीबाहेर लालपिवळी पानं, मांडीवर ब्लँकेट, शेजारी वाफाळता मग आणि हातात क्रॉस स्टिचची रिंग. काकूंकडे यातली रिंग तेवढी असते. बाकी ऑक्टोबर हीट, मानेवर ओला नॅपकिन आणि खिडकीशी पेपराने वारा घेणारे काका. तरी हा त्यांचा विसाव्याचा काळ. "पावसाळ्यात हात दमट, दोरा मळतो. उन्हाळ्यात पापड-कुरडया. हेच काय ते दोन महिने मिळतात जिवाला," असं त्या म्हणतात. दिवाळीचा फराळ नेमका याच दोन महिन्यांत येतो, ही गोष्ट घरात कोणी काढत नाही.

पेटीत अँकरच्या लड्या असतात, नंबरवारीने लावलेल्या. पुण्यात रविवार पेठेतल्या बोहरी आळीत काकू शिरल्या की दुकानदार नोकराला पुढे करतो आणि स्वतः गोदामात जातो. काकू रंगाला रंगाच्या नावाने ओळखतच नाहीत. काळा म्हणजे चारशे तीन. मध्यंतरी समोरच्यांनी गाडी घेतली, ती गॅलरीतून पाहून काकू म्हणाल्या, "चारशे तीन घेतलीय." काका दिवसभर हे कुठल्या कंपनीचं मॉडेल, याचा तपास करत होते.

लड सहापदरी असते. तिच्यातून दोन पदर सोडवायचे, हातभर कापायचे. "लांब दोरा आळशी बाईचा!" मग मॅटीच्या चौकोनावर आधी सगळ्या ओळीच्या अर्ध्या फुल्या, परत येताना उरलेल्या अर्ध्या. फुलीचा वरचा पाय कापडभर एकाच दिशेला पडला पाहिजे. एखादीच्या रुमालात दोन फुल्यांचे पाय निरनिराळ्या दिशेला दिसले, तर काकू तिच्या घराण्याची चौकशी करतात.

पण खरं काम मोजण्याचं. घरं मोजत असताना काकूंशी बोलायची सोय नाही.

"चहा टाकू का?" काका विचारतात.

"सतरा."

"आलं घालू?"

"अठरा, एकोणीस..."

काका आलं घालतात. इतक्या वर्षांत त्यांना स्वरावरून कळतं. नवख्या माणसाची पंचाईत होते. गेल्या दिवाळीत पोस्त मागायला आलेल्याला काकूंनी दारातूनच "एक्कावन्न" म्हटलं आणि तो तेवढे घेतल्याशिवाय हलेना. स्वयंपाकघरात कुकर लावलेला असला की आणखी घोटाळा, कारण शिट्ट्याही त्याच मोजणीत मिसळतात. अशा दिवशी एक तर डाळ टचटचीत राहते, नाही तर राघूला एक पीस जास्त येतं. डाळ लोकांना खाऊ घालतात. राघू मात्र उसवतात.

काकांना दिवाळी अंकांचा नाद आहे. १९०९ साली 'मनोरंजन'ने पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी माणसाला ऑक्टोबर-नोव्हेंबरात आडवं पडायला सबळ कारण मिळालं, असं ते म्हणतात. पूर्वी ते काकूंना अंकातल्या कथा मोठ्याने वाचून दाखवत. एका रहस्यकथेत खुनी सापडण्याच्या पानावर राघूची चोच दोन घरं लांब झाली, त्या दिवसापासून वाचन बंद. आता ते मनात वाचतात आणि हसू आलं तर गॅलरीत जाऊन हसतात.

मॅटीकाकूंना वस्तू सुलटी पाहता येत नाही. तुम्ही भरलेला रुमाल दाखवा, त्या आधी तो पालथा घालतात. मागे दोरा कुठून कुठे उडवलाय, गाठी किती, शेंडे दडपलेत की लोंबतायत, एवढं पाहून तो तुम्हाला परत देतात. पुढे काय भरलंय, याची त्यांना चौकशी नसते. हे वळण आजोळचं. आजोळ धारवाडचं, म्हणजे कसूतीच्या मुलखातलं. तिथल्या बायका कापडावर नक्षी छापून घेत नाहीत. ताण्याबाण्याचे धागे मोजत इरकली लुगड्याच्या पदरावर गोपुरं, पालख्या, हत्ती, तुळशीवृंदावनं उठवतात. दोऱ्याला गाठ मारत नाहीत. गवंती आणि मुर्गी हे टाके तर दोन्हीकडून सारखेच दिसतात. आपली फुली म्हणजे तिथला मेंथी टाका, त्याला मात्र उलट-सुलट बाजू असते. काकूंच्या आज्जीला ही मेंथीची खोड वाटायची. काकूंनी ती आयुष्यभर मनाला लावून घेतली आहे.

पुढे या नजरेतून माणसंही सुटेनाशी झाली. आमच्या इमारतीत एका मुलीला स्थळ आलं, मुलगा इंजिनियर, घरचं बरं, बोलायला गोड. सगळे खूश. काकू बशीतले पोहे चिवडत म्हणाल्या, "पुढून छान आहे." पुढे काही बोलल्या नाहीत. मुलीच्या आईला तीन रात्री झोप नव्हती.

घरातली एकही वस्तू काकूंनी उघडी ठेवलेली नाही. मिक्सरला झगा आहे, रिमोटला बंडी आहे, पाण्याच्या माठाला क्रोशाची झालर आहे. टीव्ही चपटा झाला तेव्हा त्याच्या डोक्यावरचा त्रिकोणी लोंबता रुमाल बेघर झाला. कंपन्यांना बायकांचं काही पडलेलं नाही, असं काकूंचं ठाम मत झालं. पण हार मानतील त्या काकू कसल्या? घरात वायफायचा राउटर आला, त्याला त्यांनी टोपी विणली, वरच्या दोन काड्यांसाठी दोन भोकं ठेवून. नेट बंद पडलं म्हणून आलेला मुलगा टोपी हातात घेऊन बराच वेळ बघत उभा होता. शेवटी म्हणाला, "आमच्या आईला दाखवू का फोटो काढून?" त्याला चहाबरोबर चिवडाही मिळाला. नेटचं काय झालं, ते कोणी विचारलं नाही.

कोजागरीला गच्चीवर आटीव दूध असतं, भेंड्या असतात आणि काकूंचा सुईचा कार्यक्रम असतो. त्या रात्री चांदण्यात सुईत दोरा ओवला की नजर चांगली राहते, असं जुनी माणसं सांगतात. बायका ओळीने बसतात, एक डोळा मिटून दोऱ्याचं टोक ओठात ओलं करतात. यात सगळ्यांत आधी ओवतात त्या काकू, मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावरसुद्धा. टाळ्या पडतात. काकू घरूनच ओवून आणतात, हे काकांना माहीत आहे. पण चिवडा त्यांनाही लागतो.

काकूंचा हा सगळा हंगाम ज्याच्यासाठी, ते रुखवत. तुळशीचं लग्न लागलं की माणसांची लागतात, म्हणून ओळखीतल्या प्रत्येक मुलीसाठी त्यांच्याकडून एक मॅटीचा नग जातो. कधी हत्ती, कधी वृंदावन, बहुतेक वेळा वेलबुट्टीच्या महिरपीत 'नांदा सौख्यभरे'. गेली काही वर्षं मात्र रुखवत भाड्याने मिळायला लागलंय. सुपाऱ्यांचे नवरानवरी, काड्यांची झोपडी, सप्तपदीची पावलं, सगळं टेम्पोतून येतं आणि जेवणं उरकली की टेम्पोतून जातं. तशाच एका लग्नात परवा काकू टेबलापाशी थबकल्या. 'नांदा सौख्यभरे' टांगलेलं होतं. सवयीने त्यांनी ते पालथं केलं, आणि पाहतच राहिल्या. सगळे टाके उभ्या ओळीत, सरळ. गाठ नाही, शेंडा नाही. त्यांनीच कधी काळी कुणाच्या तरी मुलीला दिलेलं, आता भाड्याने हिंडणारं.

आता टेबलापाशी महाभारत होणार म्हणून मी बुंदीची वाटी खाली ठेवली. काकूंनी रुखवतवाल्या पोराला बोलावलं. "याचं भाडं किती घेता?" तो म्हणाला, "सुटं नाही देत, मावशी. पूर्ण सेटच घ्यावा लागतो." "म्हणजे किती लग्नांत लागलं असेल?" "सीझनला वीस-पंचवीस तर होतात." काकूंनी मनाशी काहीतरी मोजलं. मग पर्समधून दोन टाचण्या काढून त्यांनी तो नग परत टांगला, पण पाठ पुढे करून. "लोकांना बघू दे तरी," म्हणाल्या.

वेलबुट्टी पार बदलली होती आणि अक्षरं उलटी झाली होती. येणारीजाणारी माणसं मान वाकडी करून वाचू पाहत होती. वरपक्षाकडचे एक आजोबा बराच वेळ समोर उभे राहिले, चष्मा पुसला, परत लावला आणि अदबीने विचारते झाले, "मोडी आहे का हो हे?"

"हो," काकू म्हणाल्या. "आणि गाठ एकही नाही."