डेकची रंगपंचमी

पुण्यातल्या वाड्याच्या सागवानी जिन्याला ज्याने जन्मात कधी फडकं मारलं नाही, तो आमचा चुलतभाऊ सध्या न्यू जर्सीत घरामागे गुडघ्यांवर रांगतोय. डेक रंगवतोय. डेक म्हणजे लाकडी ओटाच. फक्त ओट्यावर माणसं बसतात आणि डेकची माणसं सेवा करतात.

‘रंग’ म्हटलेलं त्याला खपत नाही. रंग वर बसतो, स्टेन लाकडात मुरतो, हे फोनवर अर्धा तास समजावलं. लोणच्यासारखं का, मी विचारलं. त्याला राग आला. दर दोन-तीन वर्षांनी हाच सोहळा: जुनं खरवडा, काळवंडलेल्या फळ्या ऑक्झॅलिक ॲसिडने उजळवा, वाळवा. मग फळीवर पाण्याचे चार थेंब टाकून हा टक लावून बसतो. जिरले तर मुहूर्त. पोरीची पत्रिका बघतानाही इतका धीर धरला नव्हता त्याने.

त्यात डेक जुना. अमेरिकेत २००३ अखेरपर्यंत अशा फळ्यांत बुरशी-वाळवीसाठी आर्सेनिकचं संयुग मुरवत. म्हणून पॉलिशपेपर घासताना तोंडाला मास्क. तेलकट स्टेनची फडकी चुरगाळून टाकली तर आपोआप पेटतात. तीही सोवळ्यासारखी पसरून वाळत घातलेली.

रविवारी काम संपलं. वहिनी चहा घेऊन आल्या आणि खुर्च्या गवतावर मांडल्या. डेकवर दोन दिवस पाय ठेवायचा नाही म्हणे.

सोमवारी पाऊस आला.